मेणाचा महिना

ऑगस्ट भाताचा होता. तो नीट संपलाच नाही,
खिडकीतल्या कुंडीत अजून उभा आहे,
भात कमी, गवत जास्त.
तरी पहिल्या तारखेला मी वहीवर लिहिलं:
सप्टेंबर, मेण.

मरोळ गावठाणात, आमच्याच माळ्यावर, आमची शाळा.
फळा म्हणजे जुन्या कपाटाचं दार.
घंटा आपली नाही, चर्चची;
बाराची वाजली की हात जोडायचे, मग बोंबील-भात.

इग्नी नऊ वर्षांचा.
दाखला हातात देताना बाई फार मऊ बोलल्या होत्या.
त्याच्यासमोर अक्षरं थांबत नाहीत.
‘घ’ आणि ‘ध’ जुळी भावंडं,
एकाला हाक मारावी तर दुसरं धावत येतं.

म्हणून महिनाभर एकच वस्तू,
आणि जे काय शिकायचं ते तिच्या पोटातून.

समोरच्या इमारतीच्या टाकीखाली पोळं लटकलेलं.
आजोबांच्या दुर्बिणीतून पाहिलं आम्ही.
सहाच कोन का? गोल का नाही?
त्यानं माझा लग्नातला चुडा काढला,
बांगडीला बांगडी लावून टेबलभर मांडला
आणि मधल्या फटीत बोट घालून म्हणाला,
‘इथं मध सांडेल, ममा.’
त्या दिवशी वहीत काहीच लिहिलं गेलं नाही.

पास्काच्या रात्री अंधारात जी स्तुती गातात
तिच्यात मधमाशांचीही आठवण असते, मी सांगितलं.
‘देवळात? माशीची?’
पुढे दोन दिवस तो टाकीकडे बघून क्रूस काढायचा.

मग मोतमाउलीची जत्रा, वांद्र्याचा चढ.
स्टॉलवर मेणाचे हात, पाय, डोळे, मूत्रपिंडं,
एक बाळ, एक बंगला, एक विमान.
शरीरशास्त्र, तीस रुपयाला नग.
त्यानं फुप्फुस ओळखलं, यकृत ओळखलं,
आणि स्टॉलवाल्या गोदाक्कांना विचारलं,
‘हे माशांनीच केलं ना?’
त्या हसल्या. ‘माशी कुणाला परवडते, बाळा?
हे तेलातलं. कारखान्याचं.’

येताना बसमध्ये तो गप्प.
फसवलं होतं त्याला, मी का बाजाराने, कोण जाणे.
घरी नकाशा उघडला.
तेल कुठून येतं? समुद्राच्या तळातून.
कुठल्या समुद्राच्या? बोट सरकत सरकत
आपल्याच किनाऱ्यापासून निळ्यात गेलं, आणि थांबलं
तिथं, जिथं रॉबर्ट चौदा दिवस पाण्यावर असतो
आणि चौदा दिवस घरी.
‘म्हणजे मेण पप्पा काढतात.’
हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं.
मी खडूने दारावर लिहून ठेवलं.

तिसऱ्या आठवड्यात वातीसाठी दोरा शोधताना
त्याला माझ्या कपाटात ते सापडलं,
गेल्या वर्षीच्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं:
मेणाचं डोकं.
घेतलं होतं. रांगेतही उभी राहिले होते.
वेदीपाशी पोचल्यावर हात पर्समधून बाहेरच येईना.
काय मागणार होते? कुणाला दुरुस्त कर म्हणून?

‘कुणाचं आहे?’
‘माझं,’ मी म्हणाले.
तेव्हा खोटं वाटलं. आता तितकंसं वाटत नाही.

त्यानं उलटं करून पाहिलं. ‘आतून पोकळ आहे.’
काट्यावर ठेवलं. ब्याऐंशी ग्रॅम.
मग मला न विचारता पातेल्यात,
पातेलं गरम पाण्यात, थर्मामीटर हातात.
पंचावन्नला नाक गेलं. अठ्ठावन्नला कपाळ.
आकडे तो स्वतःच लिहीत होता,
पाच उलटा पडला, ओठाशी आलेलं मी गिळलं.

मेणबत्ती पावडरच्या डब्यात ओतली.
वात तिरकी बसली, एका अंगाने जास्त गळते.
पप्पा यायच्या रात्री लावायची, असं ठरलंय.

ऑक्टोबरसाठी मी मीठ म्हटलं होतं.
तो म्हणतो, नको,
दोरा घेऊ.